परदेशी आहे, पण...

तोक्योच्या उत्तरेकडील एका घरदलालाच्या दुकानात बसून मी जे पहिले जपानी वाक्य संपूर्ण समजून घेतले, ते माझ्याविषयीच होते. दलाल घरमालकाला फोनवर सांगत होता, ‘परदेशी आहे, पण जपानी थोडे बोलते.’ मग पलीकडचे ऐकत तो तीनदा ‘हाय, हाय’ म्हणाला, फोन ठेवला आणि दातांच्या फटीतून हवा आत ओढत मला म्हणाला, ‘जरा अवघड आहे.’ जपानी भाषेत ‘जरा अवघड आहे’ याचा अर्थ ‘नाही’ असा होतो. तो मला कुणी समजावून सांगावा लागला नाही. मी पुण्याची, ‘बघतो, कळवतो’ या वाक्याचा अर्थ लहानपणापासून ठाऊक होता.

हे २००५ सालचे. इंग्रजी साहित्यात एम.ए. होऊन पाच-सहा वर्षे तासिका तत्त्वावर काढल्यानंतर तिकडच्या एका लहानशा संभाषणवर्गात इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळाली. पगार महिना दोन लाख वीस हजार येन. त्याच वर्गात माझ्याबरोबर लागलेल्या ऑस्ट्रेलियन मुलाला, ज्याने साहित्य सोडाच, व्याकरणही कधी शिकले नव्हते, तीस हजार जास्त मिळत. वर्गाच्या जाहिरातीत त्याचे छायाचित्र होते, माझे नव्हते. संचालकबाई फार सभ्य होत्या. ‘विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षकाची अपेक्षा असते,’ एवढेच त्या म्हणाल्या. म्हणजे वर्गात मी पुरेशी परदेशी नव्हते आणि दलालाच्या दुकानात गरजेपेक्षा जास्त होते. या दोन मापांच्या मधोमध कुठेतरी मला खोली शोधायची होती, आणि तीही स्वस्त.

स्वस्त हा शब्द तेथे फसवा आहे. दुकानांच्या काचांवर खोल्यांचे नकाशे चिकटवलेले असतात. त्यांत क्षेत्रफळ चटयांमध्ये सांगितलेले असते. साडेचार तातामी, सहा तातामी. स्थानकापासूनचे अंतर मिनिटांत. एक मिनिट म्हणजे ऐंशी मीटर, असा जाहिरातींचा नियमच आहे, मग तुमची चाल कशीही असो. भाडे साठ हजार येन पाहून हुरूप येतो. मग दलाल गणकयंत्र पुढे ओढतो. शिकिकिन म्हणजे अनामत, दोन महिन्यांचे भाडे. रेइकिन म्हणजे घरमालकाने आपल्याला घर दिले याबद्दलची कृतज्ञता, एक किंवा दोन महिन्यांचे भाडे. ती परत मिळत नाही. दलाली एक महिन्याची. पहिल्या महिन्याचे भाडे आगाऊ. एकूण तीन लाख, साडेतीन लाख. आणि जी खोली मिळते तिच्यात दिवासुद्धा नसतो, कारण आधीचा भाडेकरू तो काढून घेऊन जातो. या सगळ्यात रेइकिन या कल्पनेचे मला विशेष कौतुक वाटत आले आहे. आपल्याकडे पागडी होती, पण पागडीला कृतज्ञता म्हणण्याचे धाडस मुंबईच्या घरमालकांनाही झाले नाही.

पैसे जमवता आले असते. जमवता न येणारी गोष्ट म्हणजे होशोनिन, जामीनदार. तो जपानी हवा, मिळवता हवा, आणि तुम्ही भाडे बुडवून पळालात तर भरणारा हवा. नवख्या परक्या माणसाला असा जामीनदार कोठून मिळणार? म्हणून पहिले तीन महिने मी ‘गाइजिन हाउस’ नावाच्या प्रकारात काढले. जामीनदार नको, रेइकिन नको. एका खोलीत दोन मजली खाटांवर चौघीजणी आणि फ्रिजमध्ये प्रत्येकीच्या नावाची चिठ्ठी लावलेले दूध.

त्या खाटेवर पडून मी लाफ्काडिओ हर्न वाचला. आपल्या अभ्यासक्रमात तो नसतो. आयरिश वडील आणि ग्रीक आई यांचा हा मुलगा १८९० साली जपानमध्ये आला आणि मात्सुए नावाच्या गावी महिना शंभर येनांवर इंग्रजी शिकवू लागला. आधी खाणावळीत राहिला, तेथे भांडण झाले म्हणून लहानशा घरात गेला, आणि पुढच्या वर्षी किल्ल्याच्या खंदकासमोरच्या एका सामुराई वाड्यात भाड्याने राहिला. वाड्याचा मालक सरकारी कामानिमित्त परगावी होता. त्या वाड्यात हर्न पाचेक महिनेच राहिला, पण त्याच्या बागेवर त्याने लिहिलेला दीर्घ निबंध इंग्रजी गद्यातील एक सुंदर चीज आहे. वाडा अजून जपून ठेवलेला आहे. हे वाचताना माझ्या मनात अगदीच क्षुद्र विचार येत असे : याला जामीनदार कोण होता? उत्तर कळणे कठीण नाही. त्याला सरकारी शाळेने बोलावले होते, त्याचा पगार मोठा होता, आणि सामुराई घराण्यांचे दिवस फिरले होते. परकेपणा नडतो की नाही हे परक्या माणसाच्या खिशावर आणि मालकाच्या अडचणीवर ठरत असावे.

हर्नच्या जागी १९०३ साली तोक्योच्या विद्यापीठात नात्सुमे सोसेकी आला. त्याची कहाणी नेमकी उलटी. हाही इंग्रजीचाच शिक्षक. सरकारने १९०० साली त्याला इंग्लंडला पाठवले. दोन वर्षांत लंडनमध्ये त्याने पाच बिऱ्हाडे केली. शिष्यवृत्तीचे पैसे पुस्तकांवर जात, म्हणून स्वस्त खोली हवी आणि स्वस्त खोलीत बोलायला माणूस नाही. १९०१ साली त्याने एका वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की एका जपानी गृहस्थाला साहित्याची अभिरुची असलेल्या खाजगी इंग्रज कुटुंबात राहावयाचे आहे. भाड्याच्या खोलीकडून साहित्याच्या अभिरुचीची अपेक्षा करणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो. मिळाली ती क्लॅपम भागातल्या एका घरात तिसऱ्या मजल्यावरची खोली. तेथे तो इतका खचला, की त्याला वेड लागल्याची वार्ता जपानपर्यंत गेली. पुढे १९१४ साली त्याने ‘कोकोरो’ लिहिली. एक विद्यार्थी विधवेच्या घरी खोली घेतो आणि तेथून सगळी शोकांतिका सुरू होते. कोण कुणाला घरात घेते यातून किती अनर्थ घडू शकतो, हे त्याला नीट माहीत होते.

स्वस्त घराबद्दल हर्नच्या पत्नीने, सेत्सूने, सांगितलेली एक आठवण आहे. तोक्योत घर शोधताना त्यांनी एक जुना उदास वाडा पाहिला. हर्नला तो फार आवडला, तिला मात्र कसेतरीच वाटले म्हणून नाकारला. नंतर कळले, की त्या घराला भुताटकीची ख्याती होती आणि त्यामुळेच त्याचे भाडे उतरत गेले होते. हर्नला हळहळ वाटली. मलाही दलालाने अशी एक खोली दाखवली होती : आधीचा भाडेकरू आत मरण पावलेला, म्हणून भाडे जवळजवळ निम्मे. मी लगेच तयार झाले. मालक तयार झाला नाही. भूत चालत होते, परदेशी चालत नव्हती.

आणि मग तो प्रश्न आला. चौथ्या की पाचव्या दुकानातील दलालाने फोनवर हात ठेवून अतिशय संकोचाने मला विचारले, ‘आपण करी करता का? मालकीणबाई वासाबद्दल विचारत आहेत.’ मी म्हटले, कधीतरी. वास्तविक मोहरी-हिंगाच्या फोडणीशिवाय माझा एक दिवस जात नाही. खोटे बोलूनही खोली मिळाली नाहीच. पण त्या दिवशी गाडीत बसले तेव्हा राग आला नाही. दुसरेच काहीतरी आले.

आमच्या पुण्याच्या घरावर एक खोली आहे. २००१ साली माझ्याच महाविद्यालयात, माझ्यासारखीच तासिका तत्त्वावर शिकवणारी एक मैत्रीण जागा शोधत होती. ती सोलापूरची, मुसलमान, इंग्रजीचीच. मीच तिला घरी घेऊन आले. आईने पोहे केले, चहा केला, तिच्या आईवडिलांची चौकशी केली. ती गेल्यावर आई म्हणाली, ‘मुलगी चांगली आहे गं. पण मटणाचा वास जिन्यातून खाली येईल. तिला सांग, घर दुरुस्तीला काढायचंय.’ बाबा वर्तमानपत्र वाचत होते; ते वाचतच राहिले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ते वाक्य जसेच्या तसे तिला सांगितले. फोन फिरवणाऱ्या दलालाइतक्याच सफाईने, आणि त्याच्याहून कमी संकोचाने. ती म्हणाली, ‘हो गं, त्यात काय, बघते दुसरीकडे.’ नंतर आम्ही तासभर हार्डीवर बोललो.

माझी खोली अखेर एका विद्यार्थिनीमुळे मिळाली. सत्तरीच्या बाई होत्या, निवृत्त. त्यांच्या ओळखीच्या वृद्ध मालकिणीची जूजो स्थानकापासून नऊ मिनिटांवर लाकडी चाळवजा इमारत होती. सहा तातामींची खोली, भाडे अडतीस हजार, अनामत एक महिन्याची, रेइकिन नाही, न्हाणीघर नाही. अंघोळीला सार्वजनिक स्नानगृहात जायचे, दर खेपेला चारशे येन. बाईंनी जामीनदार म्हणून आपला शिक्का उमटवला, तेव्हा मी त्यांना जेमतेम आठ आठवडे शिकवले होते. दर महिन्याच्या शेवटी मी पाकीट घेऊन खाली जायची, मालकीणबाई भाड्याच्या वहीत शिक्का मारायच्या. नववर्षाला त्यांनी मला सुंदर कागदात गुंडाळलेली भेट दिली. आत दुर्गंधी शोषून घेणारा डबा होता. तो टोमणा होता, सूचना होती की निव्वळ व्यवहार, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. मी तो ओट्याजवळ ठेवला आणि फोडण्या चालू ठेवल्या. तेथे मी दोन वर्षे राहिले.

त्यानंतर बरेच बदलले आहे. जपानी न्याय मंत्रालयाच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत घर शोधलेल्या परदेशी रहिवाशांपैकी सुमारे ३९ टक्क्यांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचे सांगितले. निदान आकडा तरी समोर आला. २०२० पासून अनामत परत करण्याचे आणि जामीनदाराच्या जबाबदारीला मर्यादा घालण्याचे नियम नागरी कायद्यात आले. निशी-कासाईकडे भारतीय संगणक अभियंत्यांची वस्ती वाढली. तेथील सार्वजनिक गृहसंस्थेच्या इमारतींत रेइकिनही लागत नाही आणि जामीनदारही. २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ त्याच एदोगावा भागाच्या स्थानिक सभेवर निवडून आले. आता तेथे फोडणीचा वास कुणाला विचारण्याजोगा वाटत नसावा.

जूजोच्या खोलीत स्थिरावल्यावर मी त्या मैत्रिणीला लांबलचक मेल लिहिली होती. दलाल, चटया, रेइकिन, भूत, करी, सगळे हसत हसत. आपल्याला विनोदी लिहिता येते याची थोडी ऐटही होती त्यात. पुण्याच्या खोलीबद्दल मी एक अक्षर लिहिले नव्हते. लिहावे असे वाटले होते, पण मग सगळा सूरच बिघडला असता, असे मी स्वतःला समजावले. तिचे उत्तर चार दिवसांनी आले. तिला कोंढव्यात खोली मिळून आता चार वर्षे झाली होती, सेट पास झाली होती, नोकरीची अजून खात्री नव्हती. सोसेकीचे एखादे पुस्तक इंग्रजी अनुवादात मिळाले तर घेऊन ये, असे तिने लिहिले होते. आणि शेवटी एक ओळ : ‘घर दुरुस्तीला काढलंय, असं नाही ना कुणी सांगितलं तिथे?’

मी ‘कोकोरो’ घेऊन गेले. ती तिच्या कपाटात आहे, मी पाहिली आहे. त्या ओळीबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. वरच्या खोलीची दुरुस्ती आम्ही आजतागायत केलेली नाही.