गाडीतला तंबोरा

गाडीने ताशी ऐंशीचा वेग ओलांडला की सगळ्यात आधी तंबोरा जातो. त्याच्यामागून डग्ग्याचा घुमार जातो, मग गवयाचा मंद्र. उरतात ते तबल्याच्या चाटीचे बोल, पेटीचे वरचे सूर आणि तार षड्ज. आपल्याला वाटतं गाणं ऐकू येतंय, पण त्याचा सगळा खर्ज टायरांच्या आवाजाने गिळलेला असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सिमेंटवर तर हे फारच जाणवतं. भाताणच्या बोगद्यात शिरलं की मी प्लेअर बंदच करते.

गेली वीस-बावीस वर्षं मी पुण्यात जुन्या टेपांवरची गाणी उतरवून घेते आणि ती ऐकण्याजोगी करते. बहुतेक टेपा घरगुती बैठकींच्या असतात. घरच्यांनी, गवयाच्या संमतीने, हौसेने केलेलं मुद्रण. ते काम सीडीवर देऊन मोकळं व्हायचं, एवढंच मला ठाऊक होतं. गाडीसाठी वेगळी डिस्क बनवावी लागते हे मला न्यू जर्सीतल्या एका काकांनी शिकवलं, आणि त्यालाही आता सतरा-अठरा वर्षं होतील.

काका मूळचे दादरचे. एडिसनला राहायचे, कामाला रोज टर्नपाइक महामार्गावरून तासभर जायचे आणि तासभर यायचे. त्यांच्याकडे अॅक्युराची टीएल होती. 2004 सालच्या मॉडेलपासून या गाडीत डीव्हीडी-ऑडिओ वाजवणारा प्लेअर आणि आठ स्पीकर कंपनीतूनच बसवून मिळत. ध्वनियोजना होती एलियट शायनरची. स्टीली डॅन आणि ईगल्स या बँडांच्या ध्वनिमुद्रणांमागचा हा कान. मधोमध डॅशबोर्डवर एक स्पीकर, पुढे दोन्ही बाजूंना, मागे दोन्ही बाजूंना, आणि खालच्या सुरांसाठी मागे सबवूफर. असा सरंजाम गाडीत असताना वाजवायला काही नव्हतं. डीव्हीडी-ऑडिओ 2000 साली बाजारात आली खरी, पण हिंदुस्थानी संगीत तिच्यावर जवळजवळ निघालंच नाही. काकांकडे होत्या वडिलांच्या तीन स्पूल टेपा. 1962 सालच्या, दादरच्या राहत्या घरातल्या बैठकीच्या. ग्रुंडिगच्या यंत्रावर मुद्रित केलेल्या.

टेपा हातात आल्या की मी आधी रीळ उजेडापुढे धरते. फितीच्या गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर ती अॅसिटेटची. दिसला नाही तर बहुधा पॉलिएस्टरची. हे आधी कळणं फार महत्त्वाचं. सत्तरीच्या दशकातल्या चिकट झालेल्या पॉलिएस्टर फितींना पन्नासेक अंश सेल्सिअसच्या कोरड्या उष्णतेत काही तास ठेवलं की त्या वाजवण्यापुरत्या सुधारतात. हाच उपाय अॅसिटेटला केला तर फीत आकसते, वाकडी होते आणि गाणं कायमचं जातं. काकांच्या टेपा अॅसिटेटच्या होत्या. डबा उघडल्याबरोबर व्हिनेगरचा वास आला. अॅसिटेट सडायला लागलं की तोच वास येतो. म्हणजे हातात वेळ थोडा होता.

दुसरी गोष्ट म्हणजे वेग. घरगुती यंत्रं सेकंदाला साडेनऊ किंवा एकोणीस सेंटिमीटर म्हणायची, पण चालायची आपल्या लहरीने. अशा वेळी कामाला येतो तो हम, म्हणजे विजेच्या तारेतून मुद्रणात शिरलेला घुमणारा आवाज. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची. टेप वाजवल्यावर हम 51.3 वर दिसला तर टेप वेगाने चालते आहे असं धरायचं, वेग उतरवायचा आणि मग पेटीच्या सुराशी ताडून पाहायचं. म्हणून हम आधीच पुसून टाकणाऱ्यांचा मला राग येतो. शिवाय पुसतानाही जपावं लागतं. काळी एकचा षड्ज साधारण 139 हर्ट्झवर बसतो, तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्म्यावर, आणि हमची पिल्लं 100 आणि 150 वर. चाळणी जरा रुंद लावली की हमबरोबर तंबोऱ्याचं अंगही सोलून निघतं. मग मागे राहते ती जवारीची झिणझिण. तिला तंबोरा म्हणवत नाही.

टेपा मी 24 बिट आणि 96 किलोहर्ट्झवर उतरवून घेतल्या. यावर लोक फार भांडतात, म्हणून मला काय वाटतं ते सांगून टाकते. त्या ग्रुंडिगच्या टेपेत पंधरा हजार हर्ट्झच्या वर गाणं नव्हतं, आणि टेपेची स्वतःची सळसळ सीडीच्या तळापेक्षा कितीतरी वर होती. म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानाला 96 मुळे नवा सूर एकही मिळणार नव्हता. पण काम करणाऱ्याला 24 बिट हवेतच. प्रत्येक बिट म्हणजे साधारण 6 डेसिबलची जागा. 16 बिटात मुद्रण करताना काटा शक्य तितका वर ठेवावा लागतो, आणि अचानक आलेल्या एका तिहाईला आवाज फाटतो. 24 मध्ये मी 12 डेसिबल मोकळी जागा सोडून निर्धास्त बसते. पुढे हळू भाग वर उचलायचा असतो, तेव्हाही काही झिजत नाही. हाय-रेझोल्यूशनचा खरा फायदा मला तरी कामाच्या टेबलावर दिसतो, डिस्कवर छापलेल्या आकड्यात दिसत नाही.

पहिली डिस्क मी घरच्या खोलीत ऐकावी तशी बनवून पाठवली. जसं मुद्रण तसंच गाणं. आठवड्याने काकांचा फोन आला.

‘‘अगं, घरातून निघून ऑफिसला पोचेपर्यंत अकरा वेळा आवाजाचं बटण फिरवलं मी. आलापीला वाढवायचं, तान आली की कमी करायचं. गाणं कधी ऐकू?’’

त्यांनी तक्रार करून सोडलं नाही; ते इंजिनिअर होते. आवाज मोजण्याचं मीटर गाडीत धरून त्यांनी मला आकडे पाठवले. ताशी 65 मैलांवर, म्हणजे सुमारे 105 किलोमीटरवर, कानाच्या हिशोबाने मोजलं तर 68 डेसिबल. खालचे सूर न वगळता मोजलं तर 84. या दोन आकड्यांतल्या फरकात माझ्या तंबोऱ्याचा सगळा प्रश्न होता. गाडीचा गोंगाट मुख्यतः खालच्या सुरांत असतो आणि आपल्या संगीताचा आधारही तिथेच असतो. माझ्या डिस्कवर सुरुवातीची आलापी आणि द्रुत तान यांच्यात 30 डेसिबलचं अंतर होतं. आलापी गोंगाटाच्या वर आणायला जावं तर तान कानठळ्या बसवणार.

काकांना मी दोन गोष्टी मागितल्या. एक, गाडी चालती असताना प्लेअर बंद ठेवून नुसत्या केबिनचा आवाज लहान रेकॉर्डरवर वीस मिनिटं टिपून पाठवा. दोन, चालवणाऱ्याच्या डोक्यापासून प्रत्येक स्पीकर किती लांब ते फितीने मोजा. दोन्ही गोष्टी आल्या. स्टुडिओत मी एक खुर्ची मांडली, तिच्याभोवती त्या मापांनी पाच स्पीकर लावले आणि सहाव्यातून टर्नपाइकचा तो आवाज 68 वर सोडला. त्या घरघरीत बसून मी पुढचे नऊ दिवस काम केलं. शांत खोलीत बसून गाडीची डिस्क बनवता येत नाही, हे मला त्या खुर्चीत कळलं.

आवाजातलं अंतर कमी करायला कॉम्प्रेसर नावाचं साधन असतं. ते लावलं की काम मिनिटात होतं, आणि ख्यालाचा जीव जातो. गवई श्वास घेतो, तिथे कॉम्प्रेसर मागची सळसळ वर ओढतो. सम येते, तिथे समेलाच दाबतो. सगळी बांधणी समेवर येऊन मोकळी व्हायची असते आणि हे यंत्र नेमकं तिथेच झुकतं. म्हणून मी आवाजाचा फेडर हाताने सरकवला. आलापीची सुरुवात 14 डेसिबल वर, बढत होत जाईल तशी ही उचल थोडी थोडी काढून घ्यायची, म्हणजे ऐकणाऱ्याला चढ चढच राहिला असं वाटतं. सम आहे तशी ठेवायची. तीन टेपांना मिळून फेडरच्या किती हालचाली झाल्या ते मोजलं नाही, पण मनगट दुखत होतं. तंबोऱ्याचा खर्ज उचलून भागत नव्हतं, कारण गाडी तो खातेच. त्याऐवजी खर्जाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या स्वयंभू सुरांना, म्हणजे 139 आणि 208 हर्ट्झच्या आसपास, दोन-अडीच डेसिबल दिले. कानाला हे दोन मिळाले की नसलेला खर्ज तो स्वतः भरून काढतो. हे करून त्या घरघरीत ऐकलं आणि तंबोरा परत आला, तेव्हा मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या.

मग स्पीकरांचा प्रश्न. मुद्रण मोनो, एकाच मायक्रोफोनचं. ते डाव्या-उजव्या दोन्ही स्पीकरांतून सोडलं की चालवणाऱ्याला गवई शेजारच्या दारात बसलेला वाटतो, कारण जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो. एका मिलिसेकंदात ध्वनी 34 सेंटिमीटर जातो. तेवढा फरकही कानाला पुरतो. म्हणून आवाज मी फक्त मधल्या स्पीकरला दिला. गवई डॅशबोर्डच्या मधोमध, समोरासमोर बसला. मागच्या स्पीकरांत श्रोत्यांचा भास निर्माण करण्याचा मोह झाला, दोन दिवस खटपटही केली. खोटं वाटलं. काढून टाकलं. एका मायक्रोफोनने जे ऐकलं नाही, ते मी रचून का सांगावं?

आता हे सहा वाहिन्यांच्या डिस्कवर बसवायचं. डीव्हीडी-ऑडिओला सेकंदाला 9.6 मेगाबिटपर्यंतची मुभा असते. 96 किलोहर्ट्झवर सहा वाहिन्या म्हणजे 13.8 मेगाबिट, त्यासाठी एमएलपी नावाची घडी घालण्याची पद्धत लागते आणि तिचा एन्कोडर माझ्या आवाक्याबाहेरचा होता. 48 वर सहा वाहिन्या 6.9 मेगाबिटांत मावतात, 4.7 गिगाबाइटच्या डिस्कवर नव्वद मिनिटं. काकांना 96 चा आकडा हवा होता. मी म्हटलं, ‘‘काका, 96 घेतलंत तर गवई पुन्हा दारात जाऊन बसेल.’’ ते मानले. ज्यांच्या गाडीत साधा डीव्हीडी प्लेअर असतो त्यांना मी वेगळी डिस्क देते: व्हिडिओच्या रचनेत, एका काळ्या चित्राखाली, 24 बिट 96 चे दोन वाहिन्यांचे सूर. ती सव्वादोन तास चालते, आख्खी बैठक न तोडता. कोरी डिस्क चांगली घ्यायची आणि चौपट वेगाने लिहायची, सोळापट नाही.

एक चूक मात्र मला महागात पडली. डिस्कवर कागदी लेबल लावलं होतं. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत डिंक सुटला, कागदाचा कोपरा उचलला गेला आणि डिस्क प्लेअरमध्ये अडकली. डॅशबोर्ड उघडावा लागला. तो खर्च मी दिला. तेव्हापासून लेबल नाही. मधल्या कड्याजवळ पाण्याच्या शाईच्या पेनाने नाव लिहायचं, बस. हल्लीच्या गाड्यांत डिस्कची फटच नसते, तेव्हा तेच काम पेन ड्राइव्हवर फ्लॅक फाइल करून देते. घरघरीतली खुर्ची मात्र तशीच आहे. केबिनचा आवाज पाठवल्याशिवाय मी कुणाचं काम हाती घेत नाही.

दुसरी डिस्क पोचल्यावर काकांचा फोन उशिरा आला. आवाजाचं बटण एकदाही फिरवावं लागलं नाही, म्हणाले. तंबोरा येतोय. मग थोडा वेळ काही बोलले नाहीत.

‘‘पण ख्याल संपल्यावर बाबा चहा विचारतात, ते कुठे गेलं?’’

नव्वद मिनिटांत बसवण्यासाठी मी दोन गाण्यांमधली मोकळी जागा कापली होती. कप-बश्या, खोकला, कुणाचं तरी ‘वा’. माझ्या वहीत त्याची नोंद होती: ‘‘गोंगाट, 41 से.’’ मूळ फाइल उघडून पुन्हा ऐकली. कपांचा आवाज, मग अगदी माइकजवळ एक पुरुषी आवाज, ‘‘बुवा, साखर किती?’’, आणि खिडकीबाहेरून ट्रामची घंटा, दोनदा. मुंबईतली ट्राम 1964 च्या मार्चमध्ये थांबली. त्याच्या दोन वर्षं आधी, या बैठकीच्या वेळी, ती घंटा या घराखालून जात होती.

त्या 41 सेकंदांवर मी फेडर चालवला नाही, काही पुसलं नाही. फक्त सगळा भाग मिळून 9 डेसिबल वर घेतला, म्हणजे टर्नपाइकवर ऐकू येईल. जागा कमी पडत होती म्हणून शेवटची ठुमरी दुसऱ्या डिस्कवर नेली. आणि कप-बश्यांना स्वतःचा क्रमांक दिला, सरळ तिथे जाता यावं म्हणून. ट्रॅक 3.