सहा महिन्यांचा कागद, दोन वर्षांची नोंदणी

बारावीचा निकाल लागला की जालना जिल्ह्याच्या राजूर-भोकरदन पट्ट्यातल्या कितीतरी घरांत एक हिशेब सुरू होतो. मुलीला सहा महिन्यांचा नर्सिंग असिस्टंटचा कोर्स लावायचा, की दोन वर्षांचं एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचं शिक्षण) करू द्यायचं? पहिल्याची फी कमी आणि नोकरी लवकर. दुसऱ्यात दोन वर्षं जातात आणि वर कर्ज होतं. आरोग्यसेवेतलं मनुष्यबळ आणि त्याचं अर्थकारण हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. या हिशेबात फी आणि पहिला पगार एवढंच पाहिलं जातं, त्या कागदावर परिचर्या परिषदेची नोंदणी मिळते का हे मात्र कुणी विचारत नाही, आणि खरी किंमत तिथेच ठरते, असं माझं मत आहे.

आधी आकडे मांडू. ते गृहीत धरलेले आहेत. प्रत्येक घराने आपले घालून पाहावेत. मुलगी शेतात महिन्याला १५ दिवस ३०० रुपये रोजाने गेली, तर ४,५०० रुपये येतात. सहा महिन्यांच्या कोर्सला फी ३० हजार आणि जाण्यायेण्याचा, पुस्तकांचा खर्च १० हजार. (एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, म्हणून रोज जालन्याला जाणं परवडतं.) बुडालेली मजुरी २७ हजार. एकूण ६७ हजार. पुढे आठ हजारांची नोकरी लागली, तर मजुरीपेक्षा महिन्याला साडेतीन हजार जास्त येतात आणि दीड-पावणेदोन वर्षांत पैसा वसूल होतो. एएनएमला दोन वर्षांची फी दीड लाख, राहणं-खाणं ७२ हजार, बुडालेली मजुरी १ लाख ८ हजार, म्हणजे ३ लाख ३० हजार. नोंदणीनंतर १४ हजार मिळाले, तरी वसुलीला जवळजवळ तीन वर्षं लागतात. इथवर छोटा कोर्सच जिंकतो. पण पगार तसेच राहिले असं धरलं, तर सुरुवातीपासून साडेसहा वर्षांनी दोन्ही पारडी बरोबर येतात, आणि दहा वर्षांनी एएनएमवाली अडीच लाखांनी पुढे असते. उलट नोंदणी असूनही पगार साडेअकरा हजारांच्या खाली राहिला, तर दहा वर्षांतही हा फायदा होत नाही. कर्जावरचं व्याज धरलं, तर ही रेषा आणखी वर सरकते. हेही घरच्यांनी डोळ्यांसमोर ठेवावं.

आठ हजार हा आकडा मुद्दाम घेतला आहे. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला. २६ दिवसांचे ८,११२ होतात. म्हणजे फी भरून शिकलेल्या मुलीचा पगार खड्डे खणण्याच्या सरकारी दराएवढाच. तिचं काम मात्र तेवढंच नसतं. दहा खाटांच्या दवाखान्यात ती केसपेपर लिहिते, बीपी घेते, ड्रेसिंग बदलते, रात्रपाळीला सलाईनची बाटली संपली की दुसरी लावते, आणि गाव तिला सिस्टरच म्हणतं. इंजेक्शन देताना काही बिघडलं, तर कायद्याच्या लेखी ती सिस्टर नसते. नोंदणी नसल्याने ती उघडी पडते. पगार वाढत नाही त्याचंही मूळ इथेच आहे. तिच्या जागी उद्या दुसरी येऊ शकते, कारण त्या जागेला पात्रतेची अट नाही. नोंदणीकृत परिचारिकांसाठी निदान एक आधार आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही दरमहा किमान २० हजारांची शिफारस केली. ती सगळीकडे पाळली जात नाही, पण मागणी करायला बोट ठेवायची जागा तरी आहे. आणि २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीत आरोग्य परिचारिकेची वेतनश्रेणी २५,५०० पासून सुरू होती. अर्जासाठी परिचर्या परिषदेची नोंदणी किंवा त्या नोंदणीची पात्रता हवीच होती.

यावर एक आक्षेप हमखास येतो: पाच वर्षांत मुलीचं लग्न होईल, नोकरी सुटेल, मग एवढा खर्च कशाला? वरच्याच आकड्यांत पाचव्या वर्षी छोटा कोर्स एक लाख दहा हजारांनी पुढे असतो, हे मी नाकारत नाही. पण नोंदणी सासरीही तिच्यासोबत येते. नूतनीकरण करत राहिली, तर मूल मोठं झाल्यावर त्या गावच्या दवाखान्यात ती पुन्हा उभी राहू शकते, जीएनएमला (जनरल नर्सिंग आणि मिडवायफरीला) प्रवेश घेऊ शकते, तिथून पुढे पदवीपर्यंत जाऊ शकते. सहा महिन्यांच्या कागदावरून यातलं एकही दार उघडत नाही. लॅब किंवा ऑपरेशन थिएटरच्या सहा महिन्यांच्या कोर्सचंही तेच. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचं, दोन ते चार वर्षांत विभागलेलं शिक्षण सांगितलं आहे; सहा महिने रविवार सोडून रोज सहा तास शिकवलं, तरी हजार तास भरत नाहीत.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनाचा वाटतो. ज्या घरात दोन वर्षं थांबायची ऐपतच नाही, त्यांनी काय करायचं? अशा मुलीने फी भरून छोटा कोर्स करू नये. कौशल्य विकास योजनेत जनरल ड्यूटी असिस्टंटचं प्रशिक्षण मोफत मिळू शकतं, ते घ्यावं. वृद्धांची, अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा हे मानाचं काम आहे, शहरात त्याला मागणी आहे, आणि त्या कमाईतून पुढचं एएनएम उभं करता येतं. ३० हजार भरायला मी विरोध करतो तो नोंदणी मिळेल या समजुतीवर भरण्याला. प्रवेश घेण्याआधी संस्थेकडे भारतीय परिचर्या परिषदेचं आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेचं मान्यतापत्र मागावं, त्यावरचं शैक्षणिक वर्ष चालू आहे का ते वाचावं. पत्र दाखवायला टाळाटाळ झाली, तर पावती फाडू नये.