शाल, श्रीफळ आणि पावती

आमच्या धनज बुद्रुकात मानपत्र लिहायचं म्हटलं की निरोप माझ्याकडे येतो. मराठीचा निवृत्त मास्तर, अक्षर बरं, आणि लिहिण्याचे पैसे मागत नाही. मुख्याध्यापक, बदलून गेलेले ठाणेदार, भागवत सांगायला आलेले महाराज, सगळ्यांची स्तुती मी लिहिली आहे. त्यामुळे संस्थेच्या सचिवांनी कंपनीसाठी मानपत्र मागितलं, तेव्हा मी 'नाही' म्हणेन असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

कंपनी कीटकनाशकं बनवणारी. नाव लिहीत नाही. तिच्या सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून आमच्या छोट्या सेवाभावी संस्थेला आरओ प्लांट मिळाला होता. शिवाय फवारणीवाल्यांसाठी किट: मास्क, चष्मा, हातमोजे, अ‍ॅप्रन. या कामाबद्दल कंपनीला 'पर्यावरणमित्र' म्हणून गौरवायचं ठरलं होतं.

"सर, त्यायनं इतका पैसा देला," सचिव म्हणाले. "आपन काय देऊन राह्यलो? एक शाल, एक नारळ, अन् तुमचा एक कागद."

संस्थेपासून थोडं पुढे गेलं की नाला लागतो. कपाशी-सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत तिथे काठाला रिकाम्या बाटल्यांचा खच असतो. लेबलवर लाल त्रिकोण, म्हणजे अतिविषारी. त्याखाली सूचना इतक्या बारीक अक्षरात, की मला चष्मा लावूनही भिंगाची गरज पडते. संध्याकाळी पोरं याच नाल्यात पंप खंगाळतात. पाणी क्षणभर दुधाळ होतं आणि पुढे निघून जातं. पुढे म्हणजे कुठे, हे विचारायची आपल्याकडे रीत नाही. आमच्या तालुक्यात कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे. काळवीट तर लेबल वाचत नाही.

आणि ते किट? ओळखीच्या एका मजुराच्या गोठ्यात ते खुंटीला लटकलेलं पाहिलं, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. ऑक्टोबरच्या उन्हात पाठीवर भरलेला पंप घेऊन अ‍ॅप्रन घालून पाहावा एकदा. चष्म्यावर वाफ धरते, समोरचं तास दिसत नाही. 2017 च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पोचले. त्या साली कपाशी माणसाच्या उंचीला गेली होती. फवारा वरून तोंडावर यायचा. तेव्हापासून एक सोयीचा हिशोब रूढ झाला आहे: किट वाटलं की कंपनी मोकळी, आणि घातलं नाही तर चूक तुमची.

पैसा परत करा, असं मी म्हणालो नाही. आरओचं पाणी मीही पितो. पण दान म्हणून ज्याचा गाजावाजा होतो, ते मुळात दान आहे का? 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ज्या कंपनीचा निव्वळ नफा 5 कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. नफ्याची अट बसली नाही तरी 500 कोटींचं नक्त मूल्य किंवा 1000 कोटींची उलाढाल असली की नियम लागूच. 2021 पासून तर यात कसूर केली की दंड आहे. घरपट्टी भरली म्हणून ग्रामपंचायतीनं माझा कधी सत्कार केला नाही.

कार्यकारिणीच्या बैठकीत मी एवढंच म्हटलं: पैशाची पावती द्या, मानपत्र नको. पावतीवर रक्कम असते. मानपत्रावर संस्थेची पत असते, आणि ती इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं राबून कमावली आहे. ती कंपनीला हवी आहे, कारण ती बाजारात मिळत नाही.

मग मी पालमपूरची गोष्ट सांगितली. 2009 मध्ये हिमाचलातल्या त्या गावी भरलेल्या पर्यावरण परिषदेत वेदांता कंपनीच्या ओडिशातल्या लांजीगढच्या अ‍ॅल्युमिना प्रकल्पाला गोल्डन पीकॉक पर्यावरण पुरस्कार मिळायचा होता. कार्यकर्त्यांनी तिथेच आवाज उठवला आणि आयोजकांना तो थांबवावा लागला. पुढच्याच वर्षी केंद्रानं याच प्रकल्पासाठीच्या नियमगिरीतल्या खाणीला वनमंजुरी नाकारली. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं डोंगरावरच्या 12 ग्रामसभा झाल्या. बाराही ग्रामसभांनी खाण नको म्हटलं. सचिव शांतपणे म्हणाले, "ते ओडिशात झालं सर. आपल्याले पुढच्या साली नेत्रशिबीर घ्याचं हाय." ही अडचण खोटी नव्हती. गावात वर्गणी मागायला गेलं की लोक चहा पाजतात, पैसे देत नाहीत.

बैठकीतला सगळ्यात कामाचा प्रश्न बचत गटाच्या एका ताईंनी विचारला. "मंग रिकाम्या बाटल्या कंपनी वापस नेते का, थे इचारा ना." मला तो सुचला नव्हता. कंपनीच्या अधिकाऱ्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला. "मॅडम, ते आमच्या स्कोपमध्ये येत नाही," तो अतिशय नम्रपणे म्हणाला.

मतं पडली, मी आणि ताई अल्पमतात गेलो. विरोध इतिवृत्तात लिहून घ्यायला लावला. तिथे मात्र मास्तरकी चालली. मी मानपत्र लिहिलं नाही म्हणून काही अडलंही नाही. ते मुंबईहून छापून, फ्रेम करूनच आलं. संस्थेचं नाव, आमची कृतज्ञता, सगळं त्यांनीच लिहिलेलं. आमच्या अध्यक्षांनी खाली सही केली, मग तेच कंपनीच्या साहेबांच्या हाती दिलं, आणि फोटोग्राफर म्हणाला, "परत एकदा, इकडे बघून." तो फोटो कंपनीच्या वार्षिक अहवालात आहे. नाल्याचा नाही.

यंदा आरओचं मेंब्रेन बदलायला झालं आहे. देखभालीचा खर्चही कंपनीच्या स्कोपमध्ये येत नाही, असं कळलं. ताईंचं म्हणणं, घरटी वर्गणी काढू. सचिवांचं म्हणणं, आधी एक विनंतीपत्र पाठवून पाहू, सोबत मानपत्राचा फोटो जोडू. पत्राचा मसुदा मी करावा, असा त्यांचा आग्रह आहे.