सावळ्या चेहऱ्यासाठी उजेड

पावसाळ्यात आमच्या कुळगावच्या फोटो स्टुडिओच्या खोलीत येणारा प्रत्येक जण दाराशी छत्री निथळत ठेवतो आणि आत स्टँडवर उलटी उघडलेली दुसरी छत्री बघून थबकतो. "आत पण गळतं का हो?" हा विनोद दर वर्षी नव्या उत्साहाने होतो. होऊ दे. २६ जुलै २००५ ला ज्यांच्या घरात उल्हास नदी येऊन गेली, त्यांना पावसाची थट्टा करायचा पूर्ण हक्क आहे. आतल्या छत्रीत मात्र उजेड अडवायचा असतो. फ्लॅशचं तोंड माणसाकडे नसतं, छत्रीच्या पोटाकडे असतं. तिथल्या पांढऱ्या कापडावर आपटून, पसरून, जरा शांत होऊन मग तो उजेड चेहऱ्यावर येतो.

अशा दोन छत्र्यांचा एक जुना रिवाज आहे. एक डावीकडे, एक उजवीकडे, सारख्या अंतरावर, सारख्या जोराने. मधल्या स्टुलावर कोणीही बसो. सावली कुठेच पडत नाही, त्यामुळे तक्रारही येत नाही. फक्त नाकाची उंची जाते, गालाचं हाड मिटतं, आणि माणूस ओळखपत्रापुरता उरतो. त्यात मुलगी सावळी असली की आई खुर्चीमागून हळूच म्हणते, "जरा उजळ येऊ द्या हं, स्थळाला पाठवायचाय." मग फ्लॅशचा जोर वाढतो आणि राहिलेलं कॉम्प्युटरवर उरकलं जातं. या रिवाजाचा मला मनापासून राग आहे. गोऱ्या रंगाचा हट्ट त्यात आहेच, पण धंद्यातला आळसही तेवढाच आहे.

कारण सावळी कातडी उजेडाशी वेगळी वागते. गोऱ्या कातडीवर पडलेला उजेड बराचसा विखरून परत येतो. सावळी कातडी त्यातला पुष्कळसा पिऊन टाकते. मग तिच्यावर डोळ्यांत भरते ती चमक, म्हणजे कपाळावर, नाकाच्या दांडीवर, गालाच्या उंचवट्यावर पडलेलं दिव्याचं प्रतिबिंब. दिवा लहान असेल तर हे प्रतिबिंब लहान आणि झगझगीत पडतं. त्यालाच लोक तेलकट चेहरा म्हणतात आणि पावडर थापतात. तोच दिवा मोठा केला की चमक पसरते, मंद होते आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहऱ्याचा घाट दाखवत उतरते. सावळ्या चेहऱ्याला उजेड मोठा हवा, फार नको. त्या आईला मी हे सांगत बसत नाही. एक छत्री विझवतो, दुसरी जवळ ओढतो.

मोठा म्हणजे किती, ते अंतरावर ठरतं. सूर्याएवढा मोठा दिवा कुणाकडे आहे? पण आकाशात तो जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो, म्हणून एप्रिलच्या दुपारी स्टेशनबाहेर उभ्या माणसांच्या सावल्या धारदार पडतात. जूनमध्ये चंदेरी आणि माथेरानच्या रांगेवर ढग बसले की अख्खं आभाळच दिवा होतं आणि सावल्यांच्या कडा सुटतात. खोलीतही तसंच. साठ बाय नव्वद सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे तोंडाला पांढरं कापड लावलेली दिव्याची पेटी, गालापासून हातभर अंतरावर असेल तर तो खिडकीचं काम करतो. दहा फूट मागे नेला की चेहऱ्याच्या लेखी तो लहानसा दिवा. शिवाय ढोबळमानाने अंतर दुप्पट झालं की उजेड पावपट उरतो. म्हणून दिवा चेहऱ्याजवळ असला की मागच्या भिंतीपर्यंत उजेड पुरत नाही, आणि करड्या डिस्टेंपरची भिंतही फोटोत काळोखी होते. दहा बाय बाराच्या खोलीत धंदा करणाऱ्याला याहून स्वस्त बॅकड्रॉप मिळायचा नाही.

तरी उजेड चुकार असतोच. पांढऱ्या भिंती, खालचं छत, सगळीकडून उड्या मारत तो सावलीत शिरतो. त्यासाठी सॉफ्टबॉक्सच्या तोंडावर कापडी जाळी, म्हणजे ग्रिड, लावायची आणि दुसऱ्या बाजूला काळं कापड टांगायचं. सावली उजळायची असेल तर काळ्या कापडाच्या जागी थर्माकोलची शीट. थर्माकोलच्या मखरांवर २०१८ मध्ये राज्यात बंदी आली. आमची शीट त्याआधीची, कोपरे झिजून गोल झालेली. कापड उल्हासनगरच्या जपानी बाजारातलं, ते टांगायची चौकट तिथल्याच फर्निचर बाजारातली. विजेच्या दिव्याआधीही माणसं उजेड असाच आवरत होती. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. त्या काळात काचेच्या छपराखाली फोटो निघत आणि पडदे सरकवून ऊन आवरलं जाई.

आणि त्याच्याही आधी आमच्या शेजारी अंबरनाथचं देऊळ आहे, १०६० सालचं, शिलाहारांचं. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, आणि वर शिखराच्या जागी आभाळ उघडं आहे. चारी बाजूंनी काळा बेसॉल्ट उजेड पीत राहतो, त्यामुळे वरून येणारा एकच झोत पिंडीपर्यंत स्वच्छ पोहोचतो. बाहेरच्या भिंतींवरच्या मूर्ती तर आमच्या धंद्याची शाळाच आहेत. ऊन समोरून पडलं की त्या सपाट; भिंतीला घासून गेलं की प्रत्येक दागिना, प्रत्येक बोट सुटं होतं. हा दगड उजळ करावा असं कुणाच्या मनात येत नाही.

मऊ उजेडाची एवढी तरफदारी केल्यावर उलट बाजूही मांडायला हवी. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या जे. एच. ठक्करांनी १९४८ मध्ये दादरला इंडिया फोटो स्टुडिओ काढला. कल्याण कॅम्पाचं उल्हासनगर होत होतं तेव्हाचीच ही गोष्ट. नर्गिस, मीनाकुमारी यांचे त्यांनी काढलेले फोटो कडक दिव्यांचे, गडद सावल्यांचे आहेत आणि अजून नजर धरून ठेवतात. पण कडक दिव्याखाली मान बोटभर वळली तरी नाकाची सावली ओठावर येते. नटनट्यांना मान धरून ठेवता येते. सकाळच्या लोकलमध्ये चेंगरून संध्याकाळी आलेल्या माणसाकडून ती अपेक्षा कशी करायची? त्याला सॉफ्टबॉक्सच बरा, हालचाल पोटात घालणारा.

उजेड आवरायचं मला सर्वांत आवडणारं साधन मात्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये टांगलेलं आहे. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांनी १९४५-४६ च्या सुमारास आपल्या मुलीला, गीताला, हातात दिवा देऊन उभं केलं आणि जलरंगात चित्र काढलं. ते 'ग्लो ऑफ होप' नावाने प्रसिद्ध आहे. पुष्कळ जण ते रविवर्म्याचं समजतात. ती एका तळव्याने ज्योत झाकते. बोटांच्या कडा आतून लाल होतात आणि चेहऱ्यावर उजेड खालून येतो. खालून आलेला उजेड एरवी माणसाला भुतासारखा दाखवतो, इथे तळव्याने तो निवला आहे.

परवा ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक काका सपत्नीक आले. "नंतर भिंतीवर लावायचा आहे, आत्ताच काढून ठेवतो. मुलं ऐन वेळी रेशनकार्डावरचा लावतील." काकू त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "ह्यांचं असंच." रंग काळाभोर, चष्मा जाड. चष्म्यात सॉफ्टबॉक्स दिसायला लागला, म्हणून दिवा वर चढवला आणि चष्म्याच्या काड्या कानांवरून जराशा उचलल्या, काचा खाली झुकतील एवढ्या. डावा गाल सावलीत ठेवला. स्क्रीनवर फोटो बघून काका म्हणाले, "अर्धा काळाच ठेवलात की!" काकूंनी चष्मा पुसून पाहिलं. "अहो, तुम्ही काळेच आहात. छान आलंय." मग पेन्शनच्या कागदांसाठी एक सपाटही काढला, दोन्ही छत्र्या लावून. पैसे एकाचेच घेतले.