पायाखालचं बटण

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मंडळींनी विचारलं, "गुरुजी, आहात ना?" आहे, आहे! एप्रिलपासून आम्ही दोघं मिनेसोटात धाकट्याकडे आहोत. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळ्यांचा प्रदेश' असं लिहिलेलं असतं. पण नातवाने माझी चूक काढली. "आजोबा, १० एकरांहून मोठी तळीच ११,८४२ आहेत." मास्तरांच्या घरातला नातू, दुसरं काय व्हायचं!

तर चिरंजिवांकडे सोळा फुटी अॅल्युमिनियमची एक होडी आहे. हिवाळाभर ती गॅरेजात झाकून असते. मे महिन्यातल्या एका ठरलेल्या शनिवारी वॉलाय नावाच्या माशाचा हंगाम उघडतो आणि अख्खं राज्य आषाढीला निघाल्यासारखं तळ्यांकडे निघतं. आम्ही माळकरी. हा मासा धरतो आणि परत पाण्यात सोडतो. सौ.चा प्रश्न अजून सुटलेला नाही, "खायचा नाही तर धरायचा कशाला?"

होडीच्या नाकावर विजेची छोटी मोटर असते, ट्रोलिंग मोटर म्हणतात तिला. मोठ्या इंजिनाने तळ्याच्या मध्यावर जायचं, ते बंद करायचं, मग हिच्यावर आवाज न करता हळूहळू सरकायचं. ही कल्पना इथल्याच मातीतली. १९३४ साली शेजारच्या नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावी ओ. जी. श्मिट यांनी फोर्डच्या 'मॉडेल ए' गाडीच्या स्टार्टर मोटरला पंखा जोडून पहिली मोटर बनवली. आताच्या मोटरींना पायाने चालवायचं पेडलही मिळतं. चवडा दाबला की एकीकडे वळते, टाच दाबली की दुसरीकडे, आणि कडेचं बटण दाबून धरलं की चालते. दोन्ही हात गळासाठी मोकळे. मला तर आईचं पायमशीन आठवलं. हात कापडावर, पाय खाली आपला आपला चाललेला.

हंगामाच्या आदल्या रविवारी त्याने बटण दाबलं. मोटर ढिम्म.

मी सहज म्हणालो, "अरे, पेडल जुनं झालंय. नवीनच घे ना." तो काही बोलला नाही. नुसता मीटर घेऊन आला.

पुढचा तासभर तो जे करत होता ते मला अगदी ओळखीचं वाटलं. आयुष्यभर मी मुलांकडून वाक्यपृथक्करण करून घेतलं. वाक्य चुकलं की सगळं खोडायचं नाही. आधी कर्ता बघ, मग कर्म, मग क्रियापद. त्याने आधी बॅटरी पाहिली. मीटरवर १२.६ व्होल्ट, म्हणजे कर्ता धडधाकट. मग वाटेतला ब्रेकर, तोही ठीक. पेडलवर एक खटका असतो. एकीकडे केला तर बटण दाबेपर्यंतच मोटर चालते, दुसरीकडे केला तर बटणाशिवाय सतत चालते. नातवाला लांब उभं करून त्याने खटका 'सतत'वर नेला. पंखा गर्रकन फिरला!

"कळलं बाबा? मोटर चांगली, बॅटरी चांगली, जाड तारा चांगल्या. फक्त बटण रुसलंय."

बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवून मगच त्याने पेडल उलटं केलं आणि स्क्रू काढले. मला टॉर्च धरायला दिला. आत बोटाच्या पेराएवढा एक स्विच होता आणि त्याच्या टोकांवर हिरवट थर. आपल्याकडे कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं ना, तसंच. पाणी आत झिरपलं असणार, हिवाळ्यात तिथेच राहिलं असणार. मीटर बीपवर ठेवून स्विच दाबून पाहिला. आवाज नाही. टोकं घासून पुन्हा पाहिलं, तरी नाही. आत पार कळकलेला.

मी पुन्हा तेच बोललो. "एवढी खटपट कशाला? आख्खं पेडलच बदलून टाक."

हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "बाबा, फेब्रुवारीत नोकरी गेली माझी. तुम्हाला सांगितलं नव्हतं. आख्ख्या पेडलला काही शे डॉलर पडतात. स्विच अगदी थोडक्यात येतो."

तीन महिने! दर रविवारी फोनवर "कसं चाललंय?" "मस्त चाललंय बाबा." आमची तिकिटं आधीच काढलेली होती म्हणून गप्प राहिला म्हणे. "तुम्ही रागावाल असं वाटलं," असंही म्हणाला. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या!

हे वाक्य मात्र मला लागलं, कारण ते खोटं नव्हतं. १९८८ साली, हा अकरा वर्षांचा असताना, माझा ट्रान्झिस्टर बंद पडला. शाळेतून आलो तर याने तो ओट्यावर खोलून ठेवलेला. मी फूटपट्टी उचलली. का खोललास ते विचारलंही नाही. दोन दिवसांनी सौ.ने सांगितलं की सेलच्या स्प्रिंगवर हिरवं चढलं होतं, पोराने पॉलिश पेपरने घासलं आणि ट्रान्झिस्टर लागला. त्याच ट्रान्झिस्टरवर पुढे कित्येक वर्षं मी बातम्या ऐकल्या. त्याला मात्र एक शब्द बोललो नाही. मास्तरांना चूक काढता येते, कबूल करता येत नाही.

त्या दिवशी गॅरेजात टॉर्च धरून बोललो. "तू ट्रान्झिस्टर दुरुस्त केला होतास. मी मारायला नको होतं."

तो हसला. "तुम्हाला आठवतंय अजून?" मग जरा थांबून म्हणाला, "टॉर्च जरा डावीकडे."

नवा स्विच चार दिवसांत आला. पाहायचं एवढंच की तो जुन्याइतकाच अँपिअर सोसणारा हवा, कारण पूर्ण वेगात अशी मोटर चाळीसएक अँपिअर ओढते. कुठली तार कुठे होती याचा फोटो आधीच काढला होता. सांध्यांवर गरम करून आवळणारी नळी चढवली, थोडं ग्रीस लावलं, झाकण बसवलं. तारा जोडून बटण दाबलं आणि पंखा फिरला. नातवाने टाळ्या पिटल्या.

शनिवारी पहाटे तळ्यावर गेलो. अंगावर लाइफ जॅकेट आणि वर सौ.ने बांधलेली मफलर! मध्यावर गेल्यावर त्याने मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. "दाबा बाबा." मी भीत भीत बटण दाबलं. होडी पाणी न हलवल्यासारखी सरकली. चवडा, टाच, चवडा... पाचेक मिनिटांत जमलं. मागे तो गळ टाकून बसला होता आणि गेल्या तीन महिन्यांतलं एकेक सांगत होता. कुठे अर्ज केले, कुठून नकार आले, रात्री झोप का लागत नाही. मी समोर पाण्याकडे बघत होतो म्हणूनच त्याला सांगता आलं असावं. मी सल्ला दिला नाही. नुसता होडी सरळ ठेवत होतो.

मासा एकही लागला नाही. घरी आल्यावर सौ.ला उत्तर दिलं, "अगं, तो मासे धरायला जातच नाही."

नोकरीचं अजून चाललंय, दोन ठिकाणी बोलावलंय. हे सगळं त्याला विचारूनच लिहिलंय. नातेवाईक मंडळींनी फोन जरूर करावा, पण "काही झालं का?" एवढं विचारू नये, बाकी काहीही बोलावं.

असो. उद्या पुन्हा तळ्यावर जायचंय.