पाण्यातला पायजमा

कोकणातल्या मुसलमानांवर लिहायचे म्हटले की आंबा, जहाजावरची नोकरी आणि आखातातला पैसा यांच्यापुढे लेखणी सहसा सरकत नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा दालदी त्यात क्वचितच येतो. आमचे घर दालद्यांचे. मी शिकून मास्तर झालो, पण चाचा आणि त्यांच्या मुलाचे पोट अजून होडीवरच आहे. तेही जाळ्यावर कमी, गळावर जास्त.

गळ टाकून बसणे बाहेरच्याला सोपे वाटते. माणूस बसतो हो, पण होडी बसत नाही! तांब, हेकरू हे मासे खडकाळ तळाशी राहतात. तिथे नांगर टाकावा तर तो कपारीत अडकतो, दोर कापून सोडून द्यावा लागतो. म्हणून होडी वाऱ्यावर सोडायची आणि खडकावरून हळूहळू वाहत जायचे. ‘हळूहळू’ हाच यातला कळीचा शब्द. वारा वाढला की होडी पळते, दोरी तिरपी होते, शिसे तळ सोडते आणि आमिष माशाच्या डोक्यावरून निघून जाते. इंजिन उलटे चालवून होडी रोखता येते, पण त्यात तेल जळते.

पूर्वीची लाकडी होडी जड होती, पाण्यात खोल बसायची. आता चुलतभावाकडे फायबरची आहे. हलकी, पाण्यावर तरंगणारी, वारा लागला की निघालीच. त्याने मोबाइलवर परदेशी मासेमारांचा व्हिडिओ पाहिला. ते कापडाची एक नरसाळ्यासारखी थैली पाण्यात सोडतात. पुढे रुंद तोंड, मागे लहान भोक. तिला म्हणतात ड्रिफ्ट सॉक, म्हणजे वाहत्या होडीचा मोजा. वारा होडीला ढकलतो, थैलीत पाणी भरते आणि ती होडीला मागे खेचते.

विकत घेण्याऐवजी चाचींनी ती घरच्या मशिनीवर शिवली. जाड नायलॉनचे कापड, तोंडाला जुन्या दप्तराचे पट्टे, एका बाजूला शिशाचे तुकडे, समोरच्या बाजूला बोया, म्हणजे पाण्यात तोंड उघडे राहते. वीस फुटी होडीला तीन फूट व्यासाचे तोंड धरले. चाचांनी ती उचलून पाहिली आणि म्हणाले, “हा तर एका तंगडीचा पायजमा!” तेव्हापासून घरात तिचे नाव पायजमा.

त्यांना त्यात नवल वाटले नाही. तरुणपणी वारा चढला की ते बांबूची टोपली दोराला बांधून पाण्यात सोडत. काम तेच, फक्त टोपली दोन-चार खेपांत मोडायची.

पहिल्या दिवशी पायजम्याने कमाल केली. एरवी जो खडक डोळ्यांदेखत मागे पडायचा, त्यावर होडी निम्म्याहून कमी वेगाने सरकली. आठवड्याने पौर्णिमेच्या उधाणात चुलतभाऊ पुन्हा गेला आणि वैतागून परतला. पायजमा टाकूनही होडी सुसाट, उलट जास्तच! चाचा हसले. “अरे, त्याने पाणी धरलंय, खडक नाही धरला. पाणीच पळतंय तर तो काय करेल?”

मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण हे इतक्या थोडक्यात मला सांगता आले नसते. थैली होडीला पाण्याशी बांधते, जमिनीशी नव्हे. वाऱ्याची ढकल ती सोसते, भरती-ओहोटीच्या ओढीपुढे मात्र तिचा इलाज नाही. वारा आणि प्रवाह समोरासमोर असतील तर वाऱ्याने अडवलेल्या होडीलाही ती प्रवाहाबरोबर ओढून नेते. म्हणून ती भांगाची. चाचा भांग मोजतात चाँदच्या तारखेने: सात-आठ आणि बावीस-तेवीसच्या आसपास. शेजारचे कोळी अष्टमी धरतात. हिशेब एकच निघतो.

आणखी दोन गोष्टी ते बजावत असतात. लाटा असतील तर दोर नाळेला बांधायचा, म्हणजे होडीचे तोंड लाटेकडे राहते; मागे बांधलास तर पाणी आत येईल. आणि थैली वर घेतल्याशिवाय इंजिन सुरू करायचे नाही, दोर पंख्यात गेला की संपले. वर घेण्यासाठी शेपटाला वेगळी दोरी असते. ती ओढली की थैली उलटी होऊन रिकामी होते. तोंडाकडून ओढायला गेलात तर खांदे निखळतील.

एका थैलीसाठी एवढी खटपट कशाला, असे मलाही कोणी विचारते. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, राज्याने २०२१ मध्ये १९८१चा कायदा दुरुस्त करून दंड वाढवला. तरी रात्री समुद्रात लखलखाट दिसतो, असे चुलतभाऊ सांगतो. त्या बोटींशी वजनात स्पर्धा करणे गळवाल्याला या जन्मी शक्य नाही. त्याच्याकडे असतो तो एकेक करून काढलेला, अंगावर ओरखडा नसलेला ताजा तांब. त्यालाच भाव मिळतो. आणि तो मिळायचा तर आमिष खडकावर थोडे जास्त वेळ राहायला हवे.

पावसाळ्यात होडी वर ओढल्यावर दुसरा पायजमा शिवायला घेतला आहे. चुलतभावाला तोंड चार फुटांचे हवे. मी हिशेब करून दाखवला की एका फुटाने ओढ पावणेदोन पट होईल. चाचा म्हणतात, तीनच ठेव, आणि असे दोन कर. एक पुढे, एक मागे, म्हणजे होडी आडवी राहील आणि दोघांचेही गळ मोकळे पडतील. चाचींनी अजून कापड कापलेले नाही.