वक्र पात्याचा निसणा
सपाट रंध्याच्या पात्याला धार लावताना निसण्याकडून, म्हणजे धार काढण्याच्या दगडाकडून, कण बारीक असणे आणि पृष्ठभाग सपाट राहणे एवढीच अपेक्षा असते; पण नक्षीदार कडा काढणाऱ्या वक्र तळाच्या रंध्याचे पाते हाती आले, की दगडाचा आकार हा त्याच्या जातीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाचा ठरतो. इंग्लंडमधील लाकडी रंध्यांच्या परंपरेत अंतर्वक्र आणि बहिर्वक्र तळाच्या रंध्यांच्या जोड्या असत आणि पूर्ण संचात अशा 18 जोड्या येत. या रंध्यांची पाती धारेला लावण्याचे काम म्हणजे आधी आकार राखणे आणि मग धार काढणे होय, आणि हा क्रम उलटला की पाते तीक्ष्ण होऊनही निरुपयोगी ठरते.

पात्याचा आकार ठरवण्याचा अधिकार रंध्याच्या तळाचा असतो. मात्र तळाचा वाक जसाच्या तसा पात्यावर उतरवणे चूक आहे, कारण पाते तळाशी साधारण 50 अंशांच्या कोनात तिरपे बसते आणि त्यामुळे त्याच्या अंगावरील वाकाची खोली वाढते. तळाची त्रिज्या 12 मिमी असेल आणि वाक वर्तुळाचा 60 अंशांचा तुकडा असेल, तर तळावरील खोली सुमारे 1.6 मिमी भरते. पात्याच्या सपाट अंगावर मात्र तोच वाक सुमारे 2.1 मिमी खोल लागतो. म्हणजे पात्यावरची रेषा वर्तुळाची नसून लंबवर्तुळाची असते, आणि वाकाच्या मध्यभागी तिची त्रिज्या 12 ऐवजी जेमतेम 9.2 मिमी उरते. म्हणून अंतर्वक्र पात्याचा आकार दुरुस्त करताना, जेव्हा घासणी सपाट अंगाशी काटकोनात धरली जाते, तेव्हा तळाशी तंतोतंत जुळणारी 12 मिमी त्रिज्येची सळई मध्यभागी टेकतच नाही आणि दोन्ही बाजूच खाते. सळई 9 मिमीपेक्षा कमी त्रिज्येची घेऊन ती वाकाच्या अंगाने सरकवत नेणे, हाच इथला योग्य मार्ग. बहिर्वक्र पात्याला अशी अडचण नसते. त्याला सपाट दगडही चालतो, फक्त मनगटाचे झुलणे एकसारखे हवे.

घासणीच्या कणांची निवड त्यानंतर येते. कुरुंद, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे स्फटिकमय ऑक्साइड, मोहस् यांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर 9 या स्थानी आहे. संशोधक अॅचेसन यांना 1891 मध्ये हाती लागलेले सिलिकॉन कार्बाइड त्याहूनही कठीण, पण अधिक ठिसूळ आहे. हिरा तर सर्वांच्या वर. तरीही कठीणपणाच्या या उतरंडीवरून निवड करणे योग्य नाही. वेगाने फिरणाऱ्या चाकावर तापलेल्या पोलादाच्या संपर्कात हिऱ्यातील कार्बन लोखंडात विरघळू लागतो, त्यामुळे तिथे कुरुंदाचे पांढरे, लवकर कण गाळणारे चाक बरे. हाताच्या मंद गतीला मात्र हिऱ्याची पट्टी उत्तम चालते. सिलिकॉन कार्बाइडचा कागद लाकडी दांड्याला गुंडाळला, की हवी ती त्रिज्या स्वस्तात मिळते, आणि सुताराच्या बाकावर याहून उपयोगी साधन क्वचितच असते. अशा कागदावर पाते धारेकडे ढकलू नये, ओढूनच घ्यावे, नाहीतर मऊ कागद धारेला गोलाई आणतो.

चाकाविषयी विशेष सावधगिरी हवी, कारण वक्र पात्याची टोके अरुंद असतात आणि उष्णता त्यांच्यात लगेच साठते. पोलाद निळे पडले, म्हणजे ते सुमारे 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापले आणि त्याचे पाणी, अर्थात कठीणपणा, उतरले. त्यामुळे चाकावर फक्त ढाळाची, म्हणजे धारेमागील उताराची, जाडी कमी करावी आणि धारेपासून थोडे अंतर राखून थांबावे. उरलेले काम 1000 आणि पुढे 4000 क्रमांकाच्या कणांनी हातानेच पुरे करावे. धारेमागे वळून आलेली पोलादाची बारीक कोर काढण्यासाठी पात्याचे सपाट अंग सपाट दगडावर घासावे. या अंगाला वक्र घासणी कधीही लावू नये, कारण धारेची रेषा म्हणजे ढाळ आणि हे सपाट अंग यांच्या भेटीची रेषा, आणि सपाट अंगच ढळले तर वाक कितीही नेमका असला, तरी रंधा लाकडावर निराळाच आकार उतरवतो.